कुंडलं पुसून खाणारी बाई

आधी एक गैरसमज दूर करते. आमच्या गोव्यात कडी म्हणजे माशांची आमटी, आणि कालची कडी म्हणजे शिळी कडी नव्हे. शिळी कडी ती, जी स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये गारठून बसते आणि गरम केली तरी तोंड पाडून असते. कालची कडी मुद्दाम उरवावी लागते. रात्री बांगड्याचं हुमण, म्हणजे ही कडीच, करताना हात जरा सैल सोडायचा, जेवणं झाल्यावर उरलेल्या कडीला एक कढ द्यायचा आणि ती मातीच्या कुंडल्यातच, म्हणजे रांधायच्या भांड्यातच, राहू द्यायची. सकाळी कुंडलं मंद आचेवर चढवायचं. पाणी आटत जातं, वाटलेला नारळ दाट होतो, कडेला धरू लागतो. सोलांचा आंबटपणा रात्रभरात आत मुरलेला असतो. तिरफळांचा वास तर रात्रीपेक्षा सकाळीच जास्त खोल लागतो. तेवढ्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा वाजतो, गरम पोई (आमचा पाव) घरात येते, आणि पुढची दहा मिनिटं मला कोणी हाक मारू नये असं मला वाटतं. अर्थात मारतातच.

तर अशा बाईला गेल्या वर्षी जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही काठावर आहात.

काठ साखरेचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती रक्ततपासणी, एचबीएवनसी, माझी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे काठ, ६.५ पासून पुढे मधुमेह. नुकताच आमच्या डिचोलीचा नवा सोमवार होऊन गेला होता आणि जत्रेतलं आल्याचं खाजं अजून डब्यात होतं, त्यामुळे मी सगळा दोष खाज्यावर ढकलायला निघाले होते. डॉक्टर हसले. म्हणाले, "तीन महिन्यांचा हिशोब आहे हा, एका जत्रेचा नाही."

एकटी मी नव्हे, हे एक बरं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशभर जो मोठा अभ्यास केला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त कुठे निघालं असेल? गोव्यात. २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारात एकाहून जास्त. देशाची सरासरी ११.४. एवढंसं आमचं राज्य, पहिला नंबर क्वचित येतो, आणि आला तो यात.

डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवलं. मुलगी गोड होती, तिच्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार तिने हातात ठेवलेल्या छापील कागदाबद्दल आहे. सकाळी ओट्स. अकराला ताक. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, उसळ, कोशिंबीर. मासे "आठवड्यातून दोनदा, ग्रिल केलेले". ज्वारी! आमच्या डोंगरउतारावर नाचणी पिकते, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, खारं पाणी सोसणारा कोरगुट तांदूळ पिकतो, पण ज्वारीचं कणीस मी पहिल्यांदा पाहिलं ते बेळगावला जाताना एसटीच्या खिडकीतून. आणि मासे आठवड्यातून दोनदा? सोमवार-गुरुवारचे शिवराक, म्हणजे बिनमासळीचे दिवस, सोडले, संकष्टी-एकादशी सोडली, श्रावण सोडला, की उरलेल्या दिवशी आमच्याकडे "आज नुस्तं काय?", म्हणजे आज मासळी कोणती, हाच प्रश्न असतो. (घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहिते मी मराठीत. शाळा मराठी, भजनं मराठी, गावातलं नाटक मराठी. आमच्याकडे बऱ्याच जणांचं असंच आहे. तेव्हा मधेमधे कोकणी आली तर चालवून घ्या.)

तरी दोन आठवडे मी ओट्स खाल्ले. सासूबाईंनी, त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो, पहिल्या दिवशी वाडग्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हें कितें गो? गोरवांचें?" गुरांचं खाणं आहे का म्हणून. दुसऱ्या दिवशी विचारलं नाही, नुसतं पाहिलं. ते जास्त लागलं.

तिसऱ्या आठवड्यात मी ग्लुकोमीटर आणला. विचार असा केला, की ज्या गोष्टी मला प्रिय आहेत त्यांची आधी झडती घेऊ, मगच कोणाला घराबाहेर काढायचं ते ठरवू. पट्ट्या महाग असतात, त्यामुळे टोचून घ्यायचं ते फक्त खरोखर आवडणाऱ्या गोष्टींसाठी, हा नियम केला. बिस्किटासाठी मी बोट टोचणार नाही. इथेच एक गोष्ट आपोआप झाली: ज्यासाठी बोट टोचावंसं वाटत नव्हतं असं किती काय मी रोज खात होते! शाळेच्या ऑफिसात चहाबरोबरची ती क्रीमची बिस्किटं, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, चिप्स. हे सगळं गेलं आणि मला कधी आठवलंही नाही.

मुलाची जुनी प्रॅक्टिकलची वही घेतली. डाव्या पानावर काय खाल्लं, उजव्या पानावर दोन तासांनंतरचा आकडा. १४० च्या आत यायला हवा असं डॉक्टर म्हणाले होते. यंत्र दहा-पंधरा इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा मी काही शास्त्रज्ञ वगैरे नाही, पण वहीने मला बरंच शिकवलं.

पहिली झडती पातळ भाजीची. ऑफिसजवळच्या हॉटेलात सकाळी पातळ भाजी आणि दोन उंडे (हेही पावच), वर एक मिरची भजी, हा माझा वीस वर्षांचा नेम. आकडा आला १८८. मी म्हटलं, दोष मैद्याच्या उंड्यांचा, पोई खाल्ली असती तर वाचले असते. पोई म्हणजे कोंड्याची, आरोग्याची, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, एक पोई. १६९. तेवढ्याने समाधान होईना म्हणून पोई उघडून नीट पाहिली. बाहेरून कोंडा लावलेला, आतून पांढरीशुभ्र. पोदेराला विचारलं तर बिचारा प्रामाणिक निघाला: "बाये, कुंडो भायर, मैदो भितर. लोकांक मोव जाय." लोकांना मऊ हवी. आता मी त्याच्याकडून एकच पोई घेते, आणि अर्धी खाते. भाजीत मात्र हात आखडला नाही. वाटाणा, अळसांदे, मूग यांनी माझ्या वहीत कधी दगा दिला नाही.

मानकुराद आंबा. याबद्दल मी तटस्थ राहू शकत नाही. पेडण्याला माझं माहेर, तिथे मागीलदारी झाड होतं आणि मे महिन्यात आम्ही भावंडं रात्री आंबा पडल्याचा आवाज ऐकून बॅटरी घेऊन धावायचो. जेवणावर एक अख्खा मानकुराद: १९४. हे पाहून मला रडू आलं, अगदी खरोखर. मग आठवडाभराने पुन्हा धीर केला, जेवणावर नाही, दुपारी चारला, नुसता, अर्धा. १४७. म्हणजे मानकुराद राहिला. भात, कडी, आंबा असं एकावर एक रचणं गेलं. सीझनच्या सुरुवातीला डझनाचे भाव ऐकले की अर्धा आंबा हा तसाही शहाणपणाच आहे.

नारळाचं सांगायला हवं. डॉक्टर म्हणाले नारळ कमी करा, त्यातली चरबी साठणारी. आमच्याकडे सहा माणसांच्या कडीला एक नारळ लागायचा. मी अर्ध्यावर आले आणि दाटपणासाठी धणे आणि कांदा वाढवला. आईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "नाल्ल म्हारग जालो काय?" नारळ महागला का? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, महागलाच होता.

हे सगळं करून मी स्वतःवर खूश होते. दुपारच्या ताटात उकड्या तांदळाचं शीत, म्हणजे भात, एक डाव, तेही मोजून. आधी भाजी, मग मासळी, आणि शेवटी शीत-कडी. हा क्रम त्या मुलीने सांगितला होता आणि तो तिच्या कागदातला सगळ्यात कामाचा सल्ला निघाला. तेच ताट उलट क्रमाने खाल्लं की आकडा वर जायचा, हे मी दोनदा करून पाहिलं.

आणि तरी एका रविवारी १८१ आले. ताटात काय होतं? तिसऱ्यांचं सुकं, लाल भाजी, एक डाव शीत, कडी. यात १८१ होण्यासारखं काहीच नव्हतं. यंत्र बिघडलं म्हणून मुलाच्या बोटाला टोचलं, त्याचे ९८. मग मी ओट्यापाशी उभी राहून सकाळपासूनचं आठवायला लागले.

सकाळी आईंची पेज उरली होती, दोन घोट, ती टाकायची कशी म्हणून मी प्यायले. ह्यांच्या ताटात चपातीचा तुकडा होता. मुलाने डोशाच्या कडा ठेवल्या होत्या, त्या कुरकुरीत असतात. दुपारी सगळे उठल्यावर भांड्यात मूठभर शीत उरलं होतं, ते काय फ्रीजमध्ये ठेवायचं! आणि कुंडलं.

कुंडल्याबद्दल नीट सांगते, कारण हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही.

सगळ्यांची जेवणं झाली, ताटं उचलली, टीव्ही लागला, की मी स्वयंपाकघरात एकटी असते. कुंडल्यात कडी संपलेली, पण तळाशी आणि कडांना वाटपाचा केशरी थर राहिलेला. माती अजून कोमट. मी दोन मुठी शीत त्यात टाकते आणि हाताने फिरवते, खालून वर, कडेकडेने, जसं अंगण सारवतात तसं. शीत रंग धरतं. मधेच एखादं तिरफळ दाताखाली येतं आणि जिभेला झिणझिण्या आणतं. कधी बांगड्याची तकली, म्हणजे डोकं, उरलेली असते, ती चोखायची. शेवटी कुंडलं इतकं स्वच्छ होतं की घासायला नको. हे सगळं उभ्याने, सिंकपाशी, चार मिनिटांत.

हे मी आईकडून उचललं. माझ्या स्वतःच्या आईकडून, पेडण्याच्या. ती हरमलच्या मिरच्या घालून कडी करायची, रंग असा की बघत राहावं. बांगडे बाजारातून मोजून यायचे. बाबांना दोन, आजोबांना दोन, आम्हा पोरांना एकेक. आई शेवटी जेवायची आणि तोवर कुंडल्यात मासा नसायचा. ती शीत टाकून कुंडलं पुसायची, आणि आम्ही पोरं भोवती घोटाळायचो, कारण तो घास आमच्या बांगड्याहून चविष्ट लागायचा. ती प्रत्येकाला एकेक गोळा द्यायची. म्हणजे तिच्या वाट्याला जे उरलं होतं, त्यातही आम्ही वाटा मागत होतो. हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं आणि तरी तोंडाला पाणी सुटतं, याचं काय करायचं?

२०१८ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या आणि त्यांवरच चालणारा ह्यांचा ट्रक दारात उभा राहिला. हप्ते चालूच होते. ह्यांना रात्री झोप लागायची नाही, मला पण. तेव्हा किती वेळा मी रात्री अकरा-बाराला उठून स्वयंपाकघरात गेले आहे, दिवा न लावता, आणि कुंडलं पुसून खाल्लं आहे. भूक नसायची. माती कोमट असायची, तेवढंच.

मग वहीच्या एका पानावर मी आठवडाभर फक्त ओट्यापाशी उभ्याने खाल्लेलं लिहिलं. पेजेचे घोट, चपातीचे तुकडे, डोशाच्या कडा, मूठभर शीत, कुंडल्याचं शीत, मुलाच्या डब्यातून परत आलेला शिरा. सगळं मिळून रोजचं एक पुरतं ताट होत होतं. एक ताट मी टेबलावर बसून, मोजून, क्रमाने खात होते आणि दुसरं उभ्याने, न मोजता. त्या छापील कागदात या दुसऱ्या ताटाला रकानाच नव्हता. आमच्या ऑफिसातल्या तिघींना विचारलं, तिघींचंही हे दुसरं ताट निघालं. एकीने तर पोरांच्या बशीतल्या मॅगीचा हिशोब काढला आणि गप्प झाली.

पेज, चपाती, डोसा, मूठभर शीत हे बंद करणं अवघड गेलं नाही. स्वयंपाकच कमी टाकू लागले. आई पेज उरवतात म्हणून लहान वाटी केली, त्यांना हवी तर त्या पुन्हा मागतात. जे उरतं ते सरळ मांजराला. आमच्या मांजराची साखर मी तपासलेली नाही.

कुंडलं मात्र सोडवेना. चार दिवस सोडून पाहिलं. पाण्याने भरून ठेवायचे, म्हणजे मोह नको. चौथ्या दिवशी ते केशरी पाणी ओतताना मला असं वाटलं, की आपण आईच्या हातचं काहीतरी मोरीत टाकतोय.

मधे जून-जुलै गेले. ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग, म्हणून मेमध्ये भरून ठेवलेल्या पुरुमेंतावर दिवस काढायचे: सुके बांगडे, गालमो (सुका जवळा), सोलं, मिठातल्या कैऱ्या. पावसात पेज आणि गालम्याची किस्मूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, ही माझी दुसरी कमजोरी. पेज मी आता घट्ट करते, पाणी कमी, आणि बरोबर कुळथाची वाटी घेते, वहीत १५२. चालेल. मग श्रावण, मग चतुर्थी. चतुर्थीला नेवऱ्या (करंज्या) मोजून दोन खाल्ल्या, रोज. मणगण्याची वाटी मात्र भरून घेतली, चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचं दाट दूध, सगळं होतं तसं. त्या दिवशी मी पट्टी काढलीच नाही. वहीत ते पान कोरं आहे.

चतुर्थी उलटली, शिवराक संपले, आणि पहिल्या दिवशी बाजारात बांगडा बरा मिळाला. हुमण केलं. सगळ्यांना कडी वाढून घेतली, उरलेली वेगळ्या वाडग्यात काढून ठेवली. आणि मग मी माझं ताट घेतलंच नाही. भाजी आणि तळलेला बांगडा बशीत घेतला, एक डाव शीत कुंडल्यात टाकलं आणि कुंडलं उचलून टेबलावर आणून ठेवलं. खाली चुंबळ म्हणून मुलाचा जुना टॉवेल. खुर्ची ओढून बसले.

आमचे हे, घास तोंडाशी धरून थांबले. मुलगा म्हणाला, "आये, हे काय?"

"माझं जेवण," मी म्हटलं. "एक डाव आहे, मोजलाय."

आधी भाजी संपवली, मग बांगडा, काटे काढून, घाई न करता. मग कुंडल्यात हात घातला. बसून खाताना कळलं की शीत फिरवायला चार मिनिटं नाही, दहा लागतात. कडेचा थर वेगळा लागतो, तळाचा वेगळा. तळाला किंचित करपल्याचा वास असतो, तोच सगळ्यात चांगला. इतकी वर्षं उभ्याने खाताना हा फरक मला ठाऊकच नव्हता.

दोन तासांनी १४३. पुढच्या तपासणीत तीन महिन्यांचा आकडा ५.९ आला, डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागद पुढच्या फायलीखाली सरकवला.

त्या पहिल्या दिवशी आई टेबलाच्या टोकाला बसून हे सगळं पाहत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, सोवळं-ओवळं सगळं पाळलेल्या, बाईने भांड्यातून जेवणं त्यांना पटणार नाही याची मला खात्री होती. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून खात होते. त्यांनी आपली वाटी सरकवत सरकवत माझ्यापर्यंत आणली.

"तळाकडचें थोडें म्हाका दवर गो," त्या म्हणाल्या. "तुज्या मांवान म्हाका तें केन्ना मेळूंक दिलें ना."

तळाकडचं थोडं मला ठेव. तुझ्या सासऱ्यांनी मला ते कधी मिळू दिलं नाही.